प्रबंध झाला की भेटू

समुपदेशनाच्या कामात संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांकडून मी जो प्रश्न सर्वांत जास्त वेळा ऐकला आहे, तो संशोधनाविषयीचा नसतो. काम अर्धवट पडलेले असताना एखादी संध्याकाळ मित्रांबरोबर नुसती मजेत घालवणे बरोबर आहे का, असा तो प्रश्न असतो, आणि विचारणाऱ्याने ‘नाही’ हे उत्तर मनाशी आधीच पक्के केलेले असते. पूर्वी मीही या प्रश्नाला ‘थोडा विरंगुळा हवाच’ असे काहीसे गुळमुळीत उत्तर देत असे. एका विद्यार्थिनीबरोबर चार महिने काम केल्यावर ते उत्तर पुरेसे नाही हे माझ्या लक्षात आले, म्हणून तिच्या संमतीने आणि ओळख पटेल असे सगळे तपशील बदलून तिची हकिगत येथे मांडत आहे.

ती पीएच.डी.च्या चौथ्या वर्षाला होती. मी तिला ‘तुम्ही’ म्हणू लागले तेव्हा तिने लगेच थांबवले. “मॅडम, तू म्हणा. लॅबमधली नवी मुले मला तुम्ही म्हणतात, तेवढेच पुरे आहे,” असे ती म्हणाली. बोलण्यात अशी मिस्कील असलेली ही मुलगी पहिला संपूर्ण तास पाठीवरची बॅग मांडीवर घेऊन, तिला दोन्ही हातांनी धरून बसली होती. बॅगेत लॅपटॉप होता. ती लॅबमधून आली नव्हती आणि येथून लॅबमध्ये जाणारही नव्हती. ‘मध्ये वेळ मिळाला तर असावा’ म्हणून तो तिने बरोबर घेतला होता. मैत्रिणीच्या वाढदिवसाला, दवाखान्यात, दोन दिवसांच्या सहलीलाही तो असाच तिच्याबरोबर गेला होता, आणि यांपैकी एकाही ठिकाणी तिने तो उघडला नव्हता.

झोप लागत नाही, लक्ष लागत नाही, शेवटचे प्रकरण पाच महिने जागचे हलत नाही, अशा तिच्या तक्रारी होत्या. तास संपून ती उठली आणि दाराशी पोचल्यावर, जणू काही किरकोळ गोष्ट सांगायची राहून गेली होती अशा स्वरात म्हणाली, “आणि हो, मला आता मैत्रिणी उरलेल्या नाहीत.” दाराच्या कडीला हात लावल्यावर जे बोलले जाते ते बहुधा येण्याचे खरे कारण असते, हे या व्यवसायात लवकर कळते.

पुढे जाण्यापूर्वी एक गोष्ट तपासणे आवश्यक होते. नैराश्याच्या प्राथमिक तपासणीसाठी आम्ही नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली वापरतो. तीत गेल्या दोन आठवड्यांविषयी विचारले जाते, प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण असतात आणि बेरीज १० किंवा त्याहून अधिक झाली तर अधिक सखोल तपासणी करावी लागते. तिची बेरीज ८ होती, आणि जगणे नकोसे होण्याविषयीच्या नवव्या प्रश्नाला तिने शून्य दिले होते, ज्याची मी तिच्याशी बोलून पुन्हा खात्री करून घेतली. हे आकडे वेगळे असते तर मी तिला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले असते आणि ही हकिगतही वेगळी झाली असती. आपण एकटीच अशी कमकुवत निघालो असे तिला वाटत होते, म्हणून २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका सर्वेक्षणाविषयी मी तिला सांगितले. २६ देशांतील २३४ संस्थांमधील २,२७९ जणांनी त्यात भाग घेतला होता, त्यांत बहुसंख्य पीएच.डी.चे विद्यार्थी होते, आणि ४१ टक्के जणांमध्ये मध्यम ते तीव्र चिंतेची, तर ३९ टक्के जणांमध्ये मध्यम ते तीव्र नैराश्याची लक्षणे आढळली होती. अशा सर्वेक्षणात त्रास असणारी माणसे अधिक संख्येने उत्तरे देतात, त्यामुळे हे प्रमाण सर्वांना जसेच्या तसे लावता येत नाही, ही शंका तिने स्वतःच काढली. संशोधकाला धीर देणे किती अवघड असते याचा तो एक नमुना होता.

आठवडाभर दर तासाला आपण काय केले याची नोंद ठेवायला मी तिला सांगितले. पुढच्या खेपेस तिने आणलेली वही मला आजही डोळ्यांसमोर दिसते. डावीकडच्या रकान्यात जवळजवळ रोज ‘सायं. ६ ते ११ : लेखन’ असे होते आणि उजवीकडच्या, ‘प्रत्यक्षात’ या रकान्यात बारीक अक्षरात ‘एक परिच्छेद, मग मोबाईल’, ‘संदर्भ नीट लावले, मग मोबाईल’, ‘काही नाही’ असे लिहिलेले होते. रोजचे हे पाच तास कामाचे नव्हते, कारण त्यांत काम होत नव्हते. आणि विश्रांतीचेही नव्हते, कारण लॅपटॉप समोर उघडा होता. या सगळ्यात एकच नोंद निराळी होती. बुधवारी अचानक पाऊस आल्यामुळे ती ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर एका ज्युनिअर मुलीबरोबर वीस मिनिटे अडकली होती आणि दोघी कशावरून तरी खूप हसल्या होत्या. त्या नोंदीपुढे तिने ‘वाया’ असे लिहिले होते.

माझ्या मते सगळा गुंता त्या एका शब्दात होता. पदवीच्या शिक्षणाला वेळापत्रक असते, परीक्षा असते, आणि परीक्षा संपली की कोणाचीही परवानगी न विचारता मौज करता येते. संशोधनाला अशी संध्याकाळ नसते. ‘आजच्यापुरते झाले, आता ऊठ’ असे सांगणारे कोणी नसते आणि वाचायचे लेख तर कधीच संपत नाहीत. अशा वेळी आनंद हे काम संपल्यावर मिळणारे वेतन आहे असे मानणारा माणूस ते वेतन वर्षानुवर्षे उचलतच नाही. मैत्रिणींना ती जो निरोप पाठवत असे, तोही हेच सांगत होता: ‘प्रबंध झाला की भेटू.’ सुरुवातीला हा निरोप खरा होता. चौथ्या वर्षापर्यंत तो नकाराचा सभ्य प्रकार झाला होता आणि मैत्रिणींनी तो तसाच समजून घेतला होता.

पीटर लेविन्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात मांडलेला विचार येथे उपयोगी पडतो. मन खिन्न झाले की माणूस आनंद देणाऱ्या गोष्टी सोडतो, त्या सुटल्या की मन अधिक खिन्न होते, आणि हे चक्र मनःस्थिती सुधारण्याची वाट पाहत बसण्याने तुटत नाही. आधी कृती करावी लागते, मन मागाहून येते. हा विचार मी तिला समजावून सांगितला, आणि त्यानंतर मी चुकले. आपल्याला आवडणाऱ्या छोट्या छोट्या गोष्टींची यादी कर आणि रोज त्यातली एक करून पाहा, असा गृहपाठ मी तिला दिला. दोन आठवड्यांनी ती आली ती एक्सेलचा तक्ता घेऊन. त्यात चौदा ओळी होत्या, प्रत्येक आनंदाला दहापैकी गुण होते, खाली ६.४ अशी सरासरी काढलेली होती आणि शेरा होता: ‘सुधारणेस वाव आहे.’ आम्ही दोघीही हसलो, पण मी मनातून ओशाळले होते. ज्या मुलीला प्रत्येक गोष्टीचा प्रगती अहवाल देण्याची सवय जडली होती, तिच्या हाती मी आणखी एक अहवाल दिला होता.

तक्ता आम्ही बंद केला. त्याऐवजी मी तिला एवढेच विचारले की, अशी कोणती गोष्ट आहे जी तुला नीट येत नाही आणि तरीही करावीशी वाटते? ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “टेबल टेनिस. पहिल्या वर्षी वसतिगृहात खेळायचे. फार वाईट खेळते मी.” हे ऐकून मला बरे वाटले, कारण संशोधक विद्यार्थ्याचे दिवसभर सतत कोणी ना कोणी मूल्यमापन करत असते: गाईड, समिती, लेख परत पाठवणारे परीक्षक, आणि या सर्वांहून कठोर असा तो स्वतः. वाईट खेळूनही ज्यात काही बिघडत नाही अशा जागेची त्याला जेवढी गरज असते, तेवढी छंदात प्रावीण्य मिळवण्याची नसते. ठरले ते असे: गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता खेळायचे, त्या दिवशीचे काम झालेले असो वा नसो. ‘काम संपल्यावर’ या अटीच्या जागी घड्याळातली वेळ आली, बाकी काहीच बदलले नाही.

तिने हरकत घेतली, आणि ती रास्त होती. “आठ महिन्यांनी फेलोशिप संपते आहे, आणि मी टेबल टेनिस खेळू?” मी तिची वही तिच्यापुढे ठेवली आणि मागच्या गुरुवारी सहा ते आठमध्ये काय लिहून झाले ते वाचायला सांगितले. तिने वाचले, आणि त्यावर ती काही बोलली नाही. येथे एक सांगायला हवे की, काही विद्यार्थ्यांच्या बाबतीत अडचण खरोखरच बाहेरची असते. रात्री अकरा वाजता निरोप पाठवून सकाळी आठला उत्तर मागणारा गाईड असेल, तर त्या विद्यार्थ्याला खेळाचा सल्ला देणे म्हणजे त्याची चेष्टा करणे होय, आणि तेथे मर्यादा आखण्याविषयी, प्रसंगी तक्रारीविषयी बोलावे लागते. हिच्या बाबतीत तसे नव्हते. पहिल्या गुरुवारी ती अर्ध्या जिन्यावरून परत जाऊन लॅपटॉप घेऊन आली. दुसऱ्या गुरुवारी तो टेबलाखाली होता. तिसऱ्या गुरुवारी तो खोलीवर राहिला.

मैत्रीचा प्रश्न अधिक नाजूक होता. तिच्या फोनवर एका जुन्या मैत्रिणीचा अकरा आठवड्यांपूर्वीचा संदेश होता: ‘जिवंत आहेस का?’ उत्तर लिहिण्याचा प्रयत्न तिने अनेकदा केला होता आणि प्रत्येक वेळी खोडला होता, कारण जितका उशीर होत जाई तितकी आधी मोठी क्षमा मागायला हवी असे तिला वाटे, आणि तेवढी मोठी क्षमा लिहायला वेळ लागे, म्हणून उशीर आणखी वाढे. सावकाराच्या व्याजासारखा हा प्रकार मी फार विद्यार्थ्यांमध्ये पाहिला आहे. पेगी लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले की, कोणी आपण होऊन आठवण काढली तर समोरच्याला किती बरे वाटते याचा अंदाज आठवण काढणारा सहसा कमी करतो, आणि संपर्क जितका अनपेक्षित असेल तितके ते अधिक भावते. तिने माझ्यासमोरच उत्तर लिहिले. पहिला मसुदा चौदा ओळींचा होता आणि त्यात प्रकरणांची नावेसुद्धा होती. खोडता खोडता जे उरले ते असे: ‘आहे जिवंत. तुझी फार आठवण आली. रविवारी फोन करू का?’ त्या मैत्रिणीचे उत्तर दोन दिवसांनी आले आणि ते दोन दिवस तिला जड गेले. पण रविवारचा फोन दीड तास चालला. असाच संदेश तिने आणखी एकीला पाठवला होता, त्याला उत्तर आले नाही, आजही आलेले नाही. सगळीच नाती परत जुळतात असे मी तिला सांगितले नव्हते, आणि तिनेही तसे गृहीत धरले नव्हते, तरीही त्या एका मौनावर आमचे पुढचे दोन तास खर्च झाले.

आजूबाजूच्या माणसांविषयी मी तिला एक हिशोब मांडून दाखवला. जेफ्री हॉल या संशोधकाने नव्या गावी राहायला गेलेल्या प्रौढांचा आणि विद्यापीठात नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला होता. नुसत्या ओळखीचे साध्या मैत्रीत रूपांतर व्हायला साधारण ५० तास, खरी मैत्री व्हायला सुमारे ९० तास आणि जिवलग मैत्रीसाठी २०० हून अधिक तास लागतात, असा त्याचा अंदाज आहे. शिवाय शेजारी बसून काम करण्यात गेलेले तास मैत्रीच्या खात्यात फारसे जमा होत नाहीत, मोकळेपणाने घालवलेले तास जमा होतात. याचा अर्थ असा की आठवड्याला दोन तास दिले तर ५० तास व्हायला २५ आठवडे, म्हणजे जवळजवळ सहा महिने लागतात. प्रबंध सादर केल्याच्या दुसऱ्या दिवशी मैत्री बाजारातून आणता येत नाही. लॅबमध्ये चार वर्षे शेजारी बसलेल्या मुलाच्या भावंडांविषयीही आपल्याला काही ठाऊक नाही, हे तिला या हिशोबानंतर जाणवले, आणि त्याचे तिला वाईट वाटण्यापेक्षा नवल अधिक वाटले.

ग्रंथालयाच्या पायऱ्यांवरची ती ज्युनिअर मुलगी गुरुवारी खेळायला येऊ लागली. पुढे आणखी दोघे आले. खेळून झाल्यावर वसतिगृहाच्या गच्चीवर बसून कोणाचा प्रयोग कसा फसला हे एकमेकांना सांगायचे, अशी त्यांची रीत पडली, आणि आपलेच फसणे तेवढे जगावेगळे नाही हे तिला तेथे जितके पटले तितके माझ्या आकडेवारीने पटले नव्हते. झोप सुधारली, पण ती खेळामुळे, फोनमुळे की लॅपटॉप रात्री नऊला मिटू लागल्यामुळे, हे मी सांगू शकत नाही. शेवटचे प्रकरण पूर्ण झाले नव्हते. त्याचा निम्मा भाग गाईडकडे गेला होता आणि लाल खुणांनी भरून परत आला होता.

चौथ्या महिन्याच्या अखेरीस ती आली तेव्हा दहा मिनिटे उशीर झाला होता आणि हातात रॅकेट होती. बॅग नव्हती. निघताना आम्ही पुढची वेळ ठरवू लागलो. माझ्याकडे गुरुवारी संध्याकाळी सहाची वेळ मोकळी होती, ती मी सुचवली.

“नाही मॅडम,” ती म्हणाली, “तेव्हा नाही जमणार.”

मी वहीत शुक्रवार लिहिला.