जरा रेंगाळत जा

प्रिय पोरी,

तुझं पत्र मिळालं, सोबतचं उन्हाळ्याचं वेळापत्रकही मिळालं. सकाळी जलरंग, मग बासरी, दुपारी भरतकाम, संध्याकाळी कॅमेरा, आठवड्यातून दोनदा मातीकाम आणि जमेल तेव्हा उन्हातले निळे छाप. वाचून मला तुझं कौतुकच वाटलं. घरात कुणी ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ म्हणत असेल तर म्हणू दे. या वयात चार ठिकाणी हात घालून पाहायचा नाही, तर मग कधी पाहायचा? आपला हात कशात रमतो, हे हात घातल्याशिवाय कळत नाही.

पण पत्राच्या शेवटी तू जे घाईघाईनं लिहिलंस, त्यावर मी जास्त वेळ विचार केला. दिवस संपतो, यादीतल्या सगळ्या कामांपुढे खुणा झालेल्या असतात, आणि तरी ‘आज मजा आली का?’ असं कुणी विचारलं तर पटकन ‘हो’ म्हणवत नाही, असं तू म्हणतेस. हौसेनं सुरू केलेल्या गोष्टी तू आता उरकायला लागली आहेस.

तुझं पत्र पुन्हा वाचून बघ. प्रत्येक छंदाबद्दल तू एवढंच लिहिलं आहेस, की काय झालं आणि काय राहिलं. तीन चित्रं झाली. रुमाल अर्धा राहिला. दोन वाट्या तडकल्या. अगं, कुठल्याही कलेत वस्तू पुरी होण्याचा क्षण अगदी छोटा असतो. बाकीचा वेळ जातो तो भिजवण्यात, वाळवण्यात, उसवण्यात, धुण्यापुसण्यात आणि वाट बघण्यात. सगळा आनंद त्या शेवटच्या क्षणासाठी राखून ठेवलास, तर दिवसाकाठी तुझ्या वाट्याला कितीसा येणार? मला तुला या मधल्या वेळाबद्दलच सांगायचं आहे.

भरतकामापासून सुरुवात करते, कारण त्यावर तू सगळ्यात जास्त वैतागली आहेस. निम्मी दुपार दोरे वेगळे करण्यात आणि गुंता सोडवण्यात जाते म्हणतेस. भरतकामाच्या लडीतला दोरा सहा पदरी असतो. तू बहुतेक तो मधोमध फाकवून दोन्हीकडे ओढत असणार, म्हणून गुंता होतो. हातभर दोरा काप. त्याचं वरचं टोक चिमटीत धर, त्यातला एकच पदर दुसऱ्या हातानं पकड आणि सरळ वर ओढत जा. बाकीचे पाच पदर चिमटीखाली गोळा व्हायला लागतील, आता सगळं बिघडलं असं वाटेल. थांबू नकोस. तो एक पदर पूर्ण बाहेर आला की उरलेले पाच आपोआप सैल होऊन सरळ लोंबायला लागतात. हे पहिल्यांदा जमतं तेव्हा फार बरं वाटतं. त्याच्या पुढचा पदर काढतानाही तितकंच बरं वाटतं.

तसंच पिळाचं. टाके घालता घालता दोऱ्याला पीळ बसत जातो आणि एका क्षणी तो स्वतःभोवतीच वेटोळं घालतो. अशा वेळी कापड उलटं धर आणि सुई सोडून दे. ती दोऱ्याला लोंबकळत गरगर फिरेल, हळूहळू मंद होईल, थांबेल. पीळ सुटलेला असेल. हे व्हायला फारसा वेळ लागत नाही. तेवढ्या वेळात घड्याळाकडे बघू नकोस, सुईकडेच बघ. वेळापत्रकात ‘भरतकाम, एक तास’ एवढंच लिहिलेलं असतं. त्या तासाच्या पोटात सुईचं हे फिरणंही आहे.

बासरीबद्दल तू लिहिलंस की सकाळी सूर बरोबर लागतो आणि दुपारी वाजवायला बसलं की सूर मोजणाऱ्या ट्यूनरचा काटा उजवीकडे सरकतो, म्हणजे सूर चढा लागतो. त्याचं खापर तू स्वतःच्या फुंकेवर फोडलं आहेस. फुंकेचा भाग असतोच, पण त्याआधी हवेकडे बघ. बासरीत जो सूर घुमतो तो आतल्या हवेच्या स्तंभाचा. हवा तापली की तिच्यातून ध्वनी जास्त वेगानं जातो: तापमान एका अंश सेल्सिअसनं वाढलं की हा वेग सेकंदाला साधारण 0.6 मीटरनं वाढतो. बासरीची लांबी तर तेवढीच राहते, मग सूर वर चढतो. बासरीतली हवा 10 अंशांनी गरम झाली, तर फरक जवळजवळ अर्ध्या स्वराच्या एक तृतीयांश इतका पडतो. तो काट्यावरही दिसतो आणि तयार कानालाही कळतो. म्हणजे तुझ्या हातातलं वाद्य दुपारचं ऊन सांगतं आहे. वाजवायला सुरुवात करण्याआधी थोडा वेळ बासरीत नुसती फुंकर घाल, एकच सूर लांबव आणि तो कसा हळूहळू वर सरकतो ते ऐक. रियाज त्यानंतर कर. हा सूर ऐकणं रियाजात मोजू नकोस, ते तुझ्यासाठी आहे.

आता निळे छाप. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण तुझ्या सगळ्या छंदांत खरा उन्हाळ्याचा छंद हाच, आणि त्याचंच वर्णन तू एका ओळीत गुंडाळलंस: ‘धुण्याचा कंटाळा येतो.’

ही पद्धत जॉन हर्शेल या शास्त्रज्ञानं 1842 मध्ये शोधली. लोहाच्या क्षारांचं द्रावण कागदाला लावायचं, अंधारात वाळवायचं, त्यावर पान किंवा फूल ठेवून कागद उन्हात ठेवायचा. उन्हातले अतिनील किरण पडतात तिथं लोहाच्या क्षारांत बदल होतो आणि प्रशियन निळा रंग तयार होतो. पान ज्या जागेवर असतं तिथं ऊन पोचत नाही, ती जागा धुतल्यावर पांढरी राहते. इमारतींचे आणि यंत्रांचे नकाशे पुढे कित्येक दशकं याच पद्धतीनं निळ्या कागदावर उतरवले जात. पण मला नकाशांपेक्षा ॲना ॲटकिन्स जवळची वाटते. वनस्पतींचा अभ्यास करणारी ही इंग्लंडमधली बाई. शेवाळाचे नमुने तिनं असेच कागदावर ठेवून छापले आणि 1843 पासून ते पुस्तकरूपानं बाहेर आणायला सुरुवात केली. छायाचित्रांनी सजलेलं पहिलं पुस्तक म्हणून साधारणपणे त्याचाच उल्लेख होतो. त्यातला मजकूरसुद्धा तिच्या हस्ताक्षरात, त्याच निळ्या पद्धतीनं छापलेला आहे. ते काम जवळपास दहा वर्षं चाललं होतं. एकेक नमुना पसरायचा, उन्हाची वाट बघायची, धुवायचं, वाळवायचं. ज्याला धुण्याचा कंटाळा आहे, त्याच्या हातून हे झालं नसतं.

म्हणून पुढच्या वेळी धुताना एवढं कर. उन्हातून कागद उचलशील तेव्हा तो निळा दिसणार नाही, मळकट राखाडी, थोडासा कांस्याच्या छटेचा दिसेल. तो पाण्यात बुडव आणि ट्रे हळूच हलव. आधी पिवळसर पाणी सुटेल. मग पानाच्या जागेवरचा पिवळेपणा निघून जाईल, शिरांच्या बारीक रेषा उजळतील आणि आजूबाजूचा मळकट रंग तुझ्या डोळ्यांसमोर निळा व्हायला लागेल. पाणी बदलून परत बघ. कागद बाहेर काढून टांगलास तरी काम संपत नाही. हवेतल्या ऑक्सिजननं तो निळा आणखी गडद होत राहतो, दुसऱ्या दिवसापर्यंत. म्हणजे तू झोपलेली असतानाही चित्र पुढे सरकत असतं. सकाळी उठल्यावर वेळापत्रक उघडण्याआधी जाऊन तो कागद बघ. मला तरी यापेक्षा चांगली सकाळ सुचत नाही.

कॅमेऱ्याचं मात्र मी तुला वेगळं सांगणार आहे. आठवड्यातली एक संध्याकाळ तो घरी ठेवून बाहेर पड. सूर्य खाली गेला की प्रकाशाला वातावरणाचा जास्त मोठा पट्टा ओलांडून यावं लागतं, वाटेत निळा भाग विखरून जातो आणि आपल्यापर्यंत सोनेरी-तांबूस प्रकाश पोचतो, हे तुला ठाऊक आहे. त्या वेळेसाठीच तू धावत असतेस. पण दुपारचा प्रकाशही बघ. दाट झाडाखाली उभी राहा आणि जमिनीवरचे कवडसे निरखून बघ. पानांमधल्या फटी वेड्यावाकड्या असतात, तरी झाड पुरेसं उंच असलं की खाली पडणारे कवडसे गोल दिसतात, तिरप्या उन्हात लांबट. कारण त्यातली प्रत्येक छोटी फट सुईच्या छिद्राच्या कॅमेऱ्यासारखं काम करते आणि तो गोल म्हणजे चक्क सूर्याची प्रतिमा असते. खंडग्रास ग्रहणात हेच कवडसे कोरीच्या आकाराचे होतात. तुझ्या पायाशी शेकडो सूर्य पडलेले असतात आणि फोटो काढायच्या नादात आपण ते तुडवत जातो.

मातीबद्दल दोनच ओळी. वाट्या तडकतात कारण उन्हाळ्यात काठ पटकन वाळतो आणि जाड बूड मागे राहतं; सैलसं प्लास्टिक झाकून ठेव, सावकाश वाळू दे. भट्टीसाठी तयार झाली का हे पाहायला वाटी गालाला लाव. गार लागली, तर आतलं पाणी अजून उडतं आहे.

आता थोडं अवघड बोलते. तू प्रत्येक गोष्ट झाली की लगेच तिचा फोटो टाकतेस आणि मग किती जणांना आवडली ते बघत बसतेस. त्यात वाईट काही नाही. आपलं काम चार लोकांनी पाहावं असं कुणाला वाटत नाही? पण 1973 मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी केलेला एक प्रयोग मला तुला सांगायचाच आहे. चित्रं काढायची मनापासून आवड असलेली तीन ते पाच वर्षांची मुलं त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंस तर सोनेरी चांदणी आणि रिबीन लावलेलं प्रशस्तिपत्रक मिळेल. काहींना काही न सांगता शेवटी तेच प्रशस्तिपत्रक दिलं. काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या खेळाच्या वेळात तेच रंगीत पेन पुन्हा मांडून ठेवले. बक्षिसाच्या बोलीवर चित्रं काढलेली मुलं आता त्या पेनांशी बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ खेळली. ज्यांना बक्षीस अनपेक्षितपणे मिळालं होतं, त्यांची आवड मात्र तशीच टिकली होती.

त्या मुलांना बक्षिसानं नासवलं नाही. बक्षिसासाठी काढायचं आहे, हे आधी मनात बसलं, त्यानं नासवलं. म्हणून माझा एक आग्रह आहे. एक वही अशी ठेव, जी कुणालाच दाखवायची नाही. मलासुद्धा नाही. तिच्यात रंगांचे नुसते फराटे मार, फसलेले टाके लाव, अर्धवट ओळी लिही. त्या वहीत शिरताना कुणी बघणार आहे हा विचार मनात नसेल, तेव्हा हात कसा चालतो ते तुझं तुलाच कळेल. बाकीचं खुशाल टाक.

आणि हो, यादीतून एक छंद कमी कर. कुठला ते मी सांगणार नाही. ज्याच्या दिवशी सकाळी जिवावर येतं, तो या उन्हाळ्यापुरता बाजूला ठेव. पुढच्या वर्षी तो तिथंच असेल. मोकळी झालेली ती वेळ दुसऱ्या कशानं भरू नकोस. कृपा करून ‘रोजचे छोटे आनंद’ असा नवा रकानाही वेळापत्रकात घालू नकोस. मी तुला ओळखते, तू तोसुद्धा खुणा करत भरशील.

काही दिवस यातलं काहीच लागू पडणार नाही. उकाड्यानं डोकं दुखेल, रंग नको वाटतील, सुईच्या गरगर फिरण्यात काही राम वाटणार नाही. त्या दिवशी ब्रश स्वच्छ धू, त्यांची टोकं बोटांनी नीट जुळवून आडवे ठेव आणि सरळ झोप. त्याबद्दल स्वतःला बोल लावू नकोस आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट काम काढून भरपाईही करू नकोस.

पुढच्या पत्रात काय काय पूर्ण झालं ते कळवू नकोस, ते मी इथं आलीस की बघेन. कशापाशी थबकलीस, ते लिही. आणि बासरीचं तेवढं करून बघ: एकाच दिवशी पहाटे आणि दुपारी तोच सूर लाव, काटा दोन्ही वेळा कुठं थांबतो ते टिपून ठेव आणि सोबत खोलीतलं तापमानही लिही. मला खरंच बघायचं आहे किती फरक पडतो ते.

तुझ्या,
बाई