पोत्यात आलेला गिअरबॉक्स

प्रश्न : वडिलांच्या १९७४ च्या अँबेसिडरचा गिअरबॉक्स मिस्त्रीने खोलून पोत्यात भरून परत दिला. चार गिअर असूनही सिंक्रो रिंगा (गिअर बदलताना फिरण्याचा वेग जुळवणाऱ्या कड्या) तीनच सापडल्या, आणि भंगारातून आणलेला तिसरा गिअर फिरताना कुरकुरतो. काय करावे? – एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : आपली चौथी रिंग हरवलेली नाही, कारण त्या काळच्या अँबेसिडरमध्ये पहिल्या गिअरला सिंक्रो नसतोच. उरलेल्या तीन पितळी रिंगा आपापल्या गिअरच्या शंकूवर हाताने दाबून पाहाव्यात. रिंग पकडण्याऐवजी घसरत असेल किंवा गिअरच्या कडेला टेकत असेल, तर ती झिजली आहे.

तिसऱ्या गिअरचे दाते मोजून, त्यांचा तिरकेपणा काउंटरशाफ्टवरील (गिअरबॉक्समधल्या जोड-दांड्यावरील) जोडीदार गिअरशी ताडून पाहावा. दाते सारखे भरले तरी, वेगवेगळ्या गाड्यांत झिजलेले दोन गिअर एकत्र आले की आवाज येतोच, म्हणून ही जोडी एकाच गिअरपेटीतली घ्यावी. इसुझु इंजिनाच्या नंतरच्या अँबेसिडरचे भाग दुकानदार "तेच आहे हो" म्हणून पुढे करतील, पण ती पाच गिअरांची पेटीच निराळी आहे.

पोते मात्र वर्तमानपत्रावर पुन्हा एकदा झटकावे. सिलेक्टर दांड्यांचे (गिअर निवडून सरकवणाऱ्या दांड्यांचे) छर्रे आणि स्प्रिंगा वाटाण्याएवढ्या असल्याने तळाच्या ग्रीसमध्ये हमखास रुतून बसतात. त्या नसल्या तर गिअर आपोआप सुटतो, आणि दांड्यांमधली अटकाव-पिन राहून गेली, तर दोन गिअर एकदम पडून पेटी जागीच अडकते.