रात्री भावाने कुऱ्हाड हातात घेतली, तर गावात बोलवायचं कुणाला?

तुम्ही विचारलंय ते असं: गावाकडे धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे, गोळ्या सुटल्या की रात्री-अपरात्री चवताळतो, घरात म्हातारे आई-वडील दोघंच. अमेरिकेत अशा वेळी खास शिकवलेले पोलीस येतात असं तुमच्या वाचनात आलं. आपल्याकडे तसं काही आहे का, आणि ११२ लावला तर पोलीस त्याला मारतील का?

मी ३१ वर्षं पोलिसात काढली, त्यातली बरीचशी मराठवाड्यातल्या ग्रामीण ठाण्यांत. सहायक फौजदार म्हणून रिटायर झालो. मी जिथं जिथं नोकरी केली तिथं असं पथक नव्हतं. रात्री येणार कोण, तर बीटचा हवालदार, एखादा होमगार्ड आणि जीपचा ड्रायव्हर. पण ते कसे येणार, हे पुष्कळसं तुमच्या फोनवर असतं. ‘कुऱ्हाड घेऊन मारायला उठलाय’ एवढंच कळलं तर आम्ही भांडण मोडायला येतो, काठी घेऊनच. ‘मुलगा आजारी आहे, सिव्हिलची ट्रीटमेंट चालू होती, पंधरा दिवस गोळ्या बंद आहेत, घरात आई-वडील आहेत, सायरन वाजवू नका’ असं सांगितलंत, तर माणसं तीच येतात पण डोक्यात दुसरं घेऊन येतात.

माझ्या हातून झालेलंही सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल मी पहिल्यापासून शहाणा होतो. नोकरीची सुरुवातीची वर्षं. बाजारात दगड मारत फिरणाऱ्या एकाला आम्ही ठाण्यात आणला आणि आवारातल्या लिंबाला बैलाच्या दाव्यानं बांधून ठेवला. रात्रभर. त्याची आई शेजारी बसून त्याला भाकरी कुस्करून भरवत होती. सकाळी सोडला तेव्हा मनगटावर वळ उठले होते, आणि त्या म्हातारीनं जाताना माझ्याच पाया पडायला हात पुढं केला. तेव्हा कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही, मलाही नाही.

आता तसं करता येत नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याचं कलम १०० तुमच्या कामाचं. आजारामुळे माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका ठरतोय असं वाटलं, तर त्याला संरक्षणात घेणं हे ठाणेदाराचं कर्तव्य आहे. अटक नव्हे, संरक्षण. का नेतोय ते त्याला किंवा घरच्यांना सांगायचं, २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी दवाखान्यात तपासणीला न्यायचं, आणि लॉकअपमध्ये कोणत्याही परिस्थितीत ठेवायचं नाही. साखळीनं बांधायला त्याच कायद्यात बंदी आहे, मग ते घर असो की दर्गा.

तुम्ही वाचलंत ती अमेरिकेतली पद्धत मेम्फिस शहरातून निघाली. १९८७ मध्ये तिथं चाकू घेतलेल्या एका मानसिक आजारी तरुणाला पोलिसांनी गोळ्या घातल्या. मदतीचा फोन घरच्यांनीच केला होता. त्यावर गदारोळ झाला आणि १९८८ मध्ये रुग्णांचे नातेवाईक, विद्यापीठ आणि पोलीस यांनी मिळून हे पथक उभं केलं. गस्तीवरच्या पोलिसांतून स्वतःहून पुढं येणाऱ्यांना ४० तासांचं प्रशिक्षण. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते: पोलिसानं आणलेल्या रुग्णाला परत न पाठवणारा दवाखाना आधीच ठरलेला असतो. खेड्यांत मात्र त्यांचेही हाल आपल्यासारखेच, डॉक्टर शे-दोनशे किलोमीटरवर. म्हणून साउथ डकोटासारख्या राज्यात शेरीफची, म्हणजे तिथल्या स्थानिक पोलीसप्रमुखाची, माणसं टॅबलेट घेऊन जातात आणि समुपदेशकाला व्हिडिओवर रुग्णासमोर धरतात.

आपल्याकडे त्याच्या जवळपास जाणारी सोय म्हणजे टेली-मानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, नंबर १४४१६. २०२२ पासून आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलतात. भर झटक्यात भाऊ फोन घेणार नाही, पण तुमच्या आईला काय बोलावं आणि काय नको, ते तिथला माणूस सांगू शकतो.

आता एक रात्र सांगतो, नोकरीच्या शेवटाकडची. पत्र्याच्या खोलीत विशीतला पोरगा, हातात ऊसतोडीचा कोयता, दारात चाळीस माणसं आणि प्रत्येकाच्या मोबाइलची बॅटरी त्याच्या तोंडावर. पहिला अर्धा तास मी त्या पोराकडं बघितलंसुद्धा नाही, माणसं हाकलली. जीप लांब लावली, काठी-टोपी तिच्यातच टाकली आणि दारापासून चार हात अंतरावर बाजेवर बसलो. माझी बाज वाटेत येणार नाही अशी ठेवली, कारण कोंडलेला माणूस आधी दार बघतो. तो म्हणाला, “रेडिओवर माझं नाव घेतलंय, केस केलीय माझ्यावर.” मी म्हणालो, “बाळा, मी ठाण्यातूनच आलोय. डायरीत तुझं नाव नाही.” खोटं नव्हतं ते. मग बराच वेळ कुणीच काही बोललं नाही. बापानं चहा आणला तो नको म्हणाला, चुलतीनं आणला तो घेतला. कप धरायला हात मोकळा हवा, म्हणून कोयता त्यानंच खाली ठेवला. कोयत्यावर झडप घालायला होमगार्ड उठत होता, त्याला मी डोळ्यानंच बसवलं.

खरी कसरत पुढं. जवळच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, आमच्याकडे मानसोपचारतज्ज्ञ नाही, जिल्ह्याला न्या. सत्तर किलोमीटर. शेवटी जीपमधूनच नेला, चुलती शेजारी. नंतर कळलं की कलम ९४ प्रमाणे कोणताही नोंदणीकृत डॉक्टर अशा तातडीत ७२ तासांपर्यंत उपचार देऊ शकतो. रुग्णाचा नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे त्याच्या वतीनं निर्णय घ्यायला नेमलेला माणूस, हजर असेल तर त्याची संमती घ्यायची, बस. हे त्या रात्री मला ठाऊक असतं तर मी तिथंच ठाण मांडलं असतं. तुम्ही हे कलम कागदावर लिहून फाइलला लावून ठेवा.

बाकीची कामं दिवसाउजेडी करायची. भाऊ शुद्धीत असेल तेव्हा त्याच्याकडून साध्या कागदावर सही किंवा अंगठा घेऊन ठेवा, की त्याचा नामनिर्देशित प्रतिनिधी अमुक. कायद्यात तशी तरतूद आहे आणि दवाखान्यात त्या कागदाला वजन असतं. पोलीस पाटलाला एकदा घरी बोलावून सगळं सांगा. रात्री आमच्या आधी तोच पोहोचतो आणि ठाण्यात त्याचा फोन लगेच घेतला जातो. तुमच्याकडची ‘चुलती’ कोण, ते भावालाच विचारा, तुम्ही ठरवू नका. तिचा नंबर पाटलाकडे द्या.

आणि कुऱ्हाड, विळे आजच शेजारी नेऊन ठेवा. सरपण फोडायचं असेल तेव्हा मागून आणायचे.