वाचकांचे प्रश्न : राहून गेलेली चाचणी

प्रश्न : माझा मुलगा विमान-देखभालीचे प्रशिक्षण घेतो. ऑइल फिल्टर बदलल्यावर इंजिन चालवून गळती तपासायची असते. ती तपासणी न होताच सही झाल्याचे त्याच्या दुसऱ्या दिवशी लक्षात आले. त्याने काय करावे? – एक पालक, नेरूळ

उत्तर : त्याने सही करणाऱ्या अभियंत्याला आणि गुणवत्ता विभागाला आजच लेखी कळवावे. नियमपुस्तिकेत चाचणी सांगितलेली असेल, तर ती झाल्याशिवाय काम पूर्ण झालेले नसते आणि विमान सेवेस योग्य असल्याच्या दाखल्याला आधार उरत नाही. म्हणून विमान जिथे असेल तिथे, पुढच्या उड्डाणापूर्वी, चाचणी व्हायलाच हवी. दरम्यान विमान उडाले असेल आणि कोणी 'मधल्या फेरीत काही गळले नाही' असे म्हणाले, तर तो युक्तिवाद मला मुळीच मान्य नाही. 5 मे 1983 रोजी मायामीहून नासाऊला निघालेल्या ईस्टर्न एअरलाइन्सच्या विमानाच्या तिन्ही इंजिनांतील तेल, धातूचे कण टिपणाऱ्या भागांवर तेल अडवणाऱ्या रबरी कड्या (ओ-रिंग) न बसवल्यामुळे, गळून गेले. पुन्हा सुरू करता आलेल्या एका इंजिनावर ते परतले आणि 172 जण वाचले. चाचणी आधीच झाल्याची जुन्या तारखेची नोंद मात्र तुमच्या मुलाने कोणाच्याही सांगण्यावरून करू नये. शिकाऊ असला, तरी चूक दाखवण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे.