मालवणला समुद्राजवळ घर आहे. गेट, खिडक्यांचे ग्रिल आणि बाइकची चेसिस घरीच सँडब्लास्ट (हवेच्या जोरावर कण मारून गंज-रंग काढणं) करायची आहे. 2 एचपीचा कॉम्प्रेसर चालेल का? ब्लास्टर कोणता घ्यावा?

2 एचपीवर हे काम होणार नाही. टाकी केवढी, हा मुद्दाच नाही. कॉम्प्रेसर मिनिटाला हवा किती देतो ते बघा. 80 पीएसआय दाबाला 2 मिमीचा नोझल (हवा बाहेर पडते ते तोंड) साधारण 7-8 सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा खातो, 2.5 मिमीचा 12 आणि 3 मिमीचा 17. तुमचा 2 एचपी प्रत्यक्षात जेमतेम 6 देईल. मोठ्या टाकीमुळे फक्त पहिलं मिनिट बरं जातं.

दुकानदार सांगतो तो आकडा बहुतेक वेळा पिस्टन डिस्प्लेसमेंटचा असतो, म्हणजे पिस्टन कागदोपत्री जेवढी हवा ओढतो तेवढा. त्यातून तीस टक्के वजा करा, उरेल ती खरी हवा. मी 5 एचपी, टू-स्टेज (हवा दोन टप्प्यांत दाबणारा), 200 लिटरच्या पुढची टाकी आणि 2.5 मिमीचा नोझल सुचवेन. त्याला थ्री-फेज लागेल. फक्त सिंगल फेज असेल तर 3 एचपी आणि 2 मिमी. काम होईल, पण एका ग्रिलला अर्धा दिवस धरा. एकदाच करायचं असेल तर कातळ फोडायला येतो तो ट्रॅक्टरवरचा कॉम्प्रेसर दिवसभर भाड्याने घ्या.

ब्लास्टर प्रेशर पॉटचाच (बंद टाकीतले कण दाबाने ढकलणारा) घ्या, 20 ते 40 लिटरचा. सायफन गन (कण नळीने ओढून घेणारी) तेवढ्याच हवेत खूपच कमी काम करते. पॉटवर सेफ्टी व्हॉल्व्ह हवा आणि हात सोडला की बंद होणारा हँडल हवा. भंगारातल्या सिलिंडरला वेल्डिंग करून बनवलेला पॉट अजिबात घेऊ नका, तो फुटतो. सिरॅमिक नोझल झिजतो, 2.5 चा 3 मिमी झाला की हवा जवळजवळ दीडपट लागते आणि प्रेशर बसतं. चार-पाच नोझल जवळ ठेवा.

आपल्याकडे खरा त्रास पाण्याचा. दमट दिवसात 15 सीएफएमच्या हवेतून तासाला अर्धा लिटर पाणी निघतं. ते पॉटमध्ये गेलं की गार्नेटचे (ब्लास्टिंगला वापरायच्या खनिज कणांचे) गोळे होतात, नोझल थुंकल्यासारखा चालतो आणि मग बंद पडतो. सेपरेटर (हवेतलं पाणी वेगळं करणारा) कॉम्प्रेसरलाच चिकटवून उपयोग नाही: तिथे हवा गरम असते, पाणी वाफ होऊन पुढे जातं. मध्ये 10-12 मीटर जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप घ्या, थोडा उतार आणि खाली ड्रेन कॉक द्या, सेपरेटर पॉटच्या अगदी आधी लावा. टाकी दर अर्ध्या तासाने ड्रेन करा.

पुळणीवरची वाळू वापरू नका. तिच्यातलं मीठ लोखंडात बसतं आणि रंगाखाली फोड येतात. शिवाय वाळूतल्या सिलिकाची धूळ फुप्फुसं कायमची निकामी करते. 30/60 मेशचा (कणांचा आकार) गार्नेट घ्या, ताडपत्रीवर पाडा, चाळून पुन्हा वापरा. धूळ त्याचीही उडते आणि जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून हूड आणि पी100 (अगदी बारीक धूळ अडवणाऱ्या) फिल्टरचा मास्क लागतोच. रुमाल बांधून भागत नाही.

ब्लास्टिंगच्या आदल्या दिवशी गेट गोड्या पाण्याने घासून धुवा, नाहीतर खड्ड्यांत मीठ राहतं. काम डिसेंबर-जानेवारीत काढा, सकाळी दव उडाल्यावर सुरू करा. उघडं लोखंड खाऱ्या वाऱ्यात दोन-तीन तासांत पिवळं पडायला लागतं, म्हणून जेवढ्यावर दुपारी तीनच्या आत इपॉक्सी प्रायमर मारता येईल तेवढंच सोला.