नाटकातल्या कंसातल्या सूचनांवरून पात्राचा स्वभाव खरंच कळतो का?

तुम्ही विचारलंय की परीक्षेसाठी नाटक वाचताना कंसातल्या सूचना सोडून नुसते संवाद वाचले तर चालतील का, आणि त्या सूचनांमधून पात्र कळतं म्हणजे नेमकं काय कळतं.

नाही हो, सोडू नका. मी इथे इंदूरला बरीच वर्षं हौशी नाटकांत काम करतेय, रामबागेकडे आमच्या तालमी चालतात, आणि पहिल्या वाचनाला दर वेळी हेच होतं, प्रत्येक जण आपापली वाक्यं वाचतो आणि कंस आला की सरळ पुढे. नंतर तेच लोक विचारत बसतात की हे पात्र असं का वागतंय, आणि उत्तर तिथे कंसातच छापलेलं असतं.

नॉर्वेजियन नाटककार इब्सेनचं १८७९ चं 'अ डॉल्स हाऊस' घ्या, ज्यावरून अनंत काणेकरांनी 'घरकुल' केलं. पहिल्याच पानावर नोरा नाताळची खरेदी करून गुणगुणत घरात येते, खिशातून मॅकरूनची पिशवी काढते, एक-दोन खाते, मग हळूच नवऱ्याच्या खोलीच्या दाराशी जाऊन कानोसा घेते. आतून नवरा हाक मारतो तशी ती पिशवी परत खिशात टाकते, तोंड पुसते आणि म्हणते, ये ना, बघ मी काय काय आणलं. आता नुसते संवाद वाचणाऱ्याला काय दिसतं, तर एक खुशालचेंडू लाडकी बायको. कंस वाचणाऱ्याला पहिल्या दोन मिनिटांत कळतं की ही बाई या घरात साधा गोड खाऊसुद्धा लपवून खाते आणि लपवायची तिला इतकी सवय आहे की चेहरासुद्धा बदलत नाही. पुढे जे मोठं कर्जाचं गुपित बाहेर येतं त्याची तयारी तिथेच झालेली असते, आणि मॅकरून हा शब्द संवादात अजून आलेलासुद्धा नसतो! दुसऱ्या अंकात ते गुपित फोडणारं पत्र टपालपेटीत पडलेलं असतं, नवऱ्याने ती उघडू नये म्हणून ती नाचाची तालीम करते तेव्हाही सूचना आहे की केस सुटून खांद्यावर येतात, तिचं लक्षच नाही, ती नाचतच राहते. तोंडाने ती फक्त नाचाची धास्ती सांगते, खरी भीती नवऱ्याला कुठे बोलून दाखवते? मला तर हा सगळ्या नाटकातला सगळ्यात जिवंत कंस वाटतो.

म्हणून '(रागाने)' '(हसून)' असल्या सूचनांत फार अडकू नका, त्या बहुतेक वेळा वाक्य कसं म्हणायचं एवढंच सांगतात. पात्र एकटं असताना काय करतं, हातात काय धरतं, काय लपवतं, कोण आल्यावर थांबतं, ते बघा. आणि बोलणं एकीकडे नि हात दुसरीकडे असं दिसलं की तिथे पेन्सिलीने खूण करा.

गप्प राहणंसुद्धा यातच येतं. तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' मधली बेणारे सुरुवातीला किती बोलते, गाते, चिडवते, आणि खेळ म्हणून मांडलेला खोटा खटला खरोखर तिच्यावर उलटला की तोंडातून शब्द नाही, बाकीचे बोलत सुटलेत. आणि तो साधा, बुजरा सामंत, शेवटी तिच्याजवळ हिरवा कापडी पोपट ठेवतो. तो काही मोठं बोलला असता तर मला नाही वाटत ते इतकं लागलं असतं.

पेपरात लिहिताना सूचना आणि तिच्या शेजारचं वाक्य दोन्ही द्या, एकटी सूचना देऊन पात्र धूर्त आहे, भित्रं आहे असं लिहू नका, आणि त्याला पुढच्या प्रसंगाचा आधार जोडा.

अजून एक, शेक्सपिअर असेल तर कंस फारच थोडे मिळतील, तिथे कृती संवादात लपलेली असते, लिअर राजा शेवटी म्हणतो एवढं बटण सोडा, तीच सूचना समजायची. आणि काही आवृत्त्यांमध्ये प्रयोगाच्या वेळी बसवलेल्या हालचालीही छापून येतात, त्या लेखकाच्याच असतील असं नाही, तेव्हा प्रस्तावना आधी बघून घ्या.