तिघांनी मिळून मिग-२१चं मॉडेल करायचंय: कुठलं स्केल घ्यावं, काम कसं वाटावं आणि कोल्हापूरच्या पावसात रंगाचं काय करावं?

तुमची घरं राजारामपुरी, मंगळवार पेठ आणि कसबा बावड्यात, किट एकच आणि सुरुवात जुलैत, असं तुम्ही लिहिलंय. हे धरूनच सांगतो.

स्केल १/४८ घ्या, म्हणजे खऱ्या विमानाच्या ४८ पट लहान. १/७२ मध्ये मिग-२१ पंखाच्या टोकापासून टोकापर्यंत जेमतेम १० सें.मी. भरतं, कॉकपिट नखाएवढं. तिघांचे हात त्यात मावणार नाहीत. १/४८ ला पंख १५ आणि लांबी ३० सें.मी.च्या आसपास जाते. एडुआर्ड या कंपनीचं किट मिळालं तर पहिल्या खेपेला ‘वीकेंड एडिशन’ बघा. त्यात पातळ पितळी पत्र्याचे भाग नसतात. ते वाकवणं हा वेगळाच नाद आहे.

पण आधी कुठलं मिग करायचं ते ठरवा. भारतीय हवाई दलात हे विमान १९६३ पासून २०२५ पर्यंत होतं, आणि नाव एक असलं तरी अंग एक नाही. टाइप ७७ म्हणजे एफएल, टाइप ९६ म्हणजे एम, टाइप ७५ म्हणजे बिस. कॉकपिटमागचा कणा बघा: एफएलचा बारीक, बिसचा चांगलाच फुगीर. बिसच्या किटवर एफएलचे डिकॅल (पाण्यात भिजवून चिकटवायच्या खुणा नि आकडे) लावून काम भागत नाही. बायसन, म्हणजे बिसची सुधारलेली आवृत्ती, आत्ता नको, त्याची पुढची काच आणि बारीकसारीक उंचवटे साध्या बिसच्या किटमध्ये नसतात. १९७१ च्या काळातलं चंदेरी एफएलही नको. चंदेरी रंगाखाली कानशीचा एकेक ओरखडा दिसतो. करडं किंवा हिरवं-तपकिरी विमान चुका पोटात घालतं.

वाटणी अशी करा. एकाकडे कॉकपिट आणि खुर्ची. दुसऱ्याकडे चाकं, चाकांच्या खोबणी, टाक्या, क्षेपणास्त्रं. तिसऱ्याकडे धड, पंख, शेपूट. रंग मात्र सगळा एकाच हातानं. दोघांनी आपापल्या घरी एकच करडा कालवला की दोन करडे होतात, आणि पंख धडाला लावेपर्यंत ते कळत नाही. भाग ज्यांना जोडलेले येतात त्या प्लॅस्टिकच्या चौकटी एकाच घरी ठेवा. प्रत्येकानं आपले भाग तोडून झिपच्या पिशवीत न्यायचे, पिशवीवर भाग क्रमांक लिहायचे. त्याआधी सगळ्या चौकटी कोमट पाण्यात भांड्याच्या साबणानं धुवा. साच्यातलं तेल राहिलं तर रंग पापुद्र्यासारखा सुटतो.

धड बंद करायच्या दिवशी तिघंही हजर पाहिजेत. नाकातला शंकू, कॉकपिट, पुढच्या चाकाची खोबण आत बसल्याशिवाय दोन अर्ध्या बाजू मिटायच्या नाहीत. विमान शेपटीवर बसतंय का तेही आत्ताच बघायचं: सगळं चिकटपट्टीनं तात्पुरतं जोडा, मागच्या चाकांच्या जागी खाली पेन्सिल आडवी ठेवा, नाक वर उचललं तर पुढे वजन घाला. गळाला लावतात ते शिशाचे तुकडे चालतात. ते इपॉक्सीनं बसवा, सुटे राहिले तर आयुष्यभर खुळखुळा.

जोडायला पातळ सिमेंट, म्हणजे प्लॅस्टिक मॉडेलचा पातळ गोंद. भाग एकमेकांना टेकवून फटीवर ब्रश टेकवला की ते आपोआप आत ओढलं जातं, प्लॅस्टिक विरघळून एकजीव होतं. बोट फटीवर ठेवू नका, ठसा कायमचा उठतो. एक दिवस वाळू द्या. उरलेल्या फटीत फेविक्विक भरलंत तर अर्ध्या तासात घासा. रात्रभर राहिलं तर ते प्लॅस्टिकपेक्षा कडक होतं आणि घासताना शेजारचं प्लॅस्टिकच झिजतं. वॉटर पेपर ४००, ६००, १००० अशा क्रमानं, पाणी लावून. बारीक कानशी आणि चिमटे गुजरीत सोनारांचं सामान विकणाऱ्यांकडे बघा, चांगले मिळतात. कॉकपिटच्या काचेला फेविक्विक अजिबात नाही, वाफेनं काच धुरकटते. तिथे फेविकॉल.

पंख लावताना बहुतेकांची गफलत होते. मिग-२१चे पंख सरळ नसतात, २ अंश खाली झुकलेले असतात. १/४८ ला टोक मुळापेक्षा साधारण २ मि.मी. खाली यायला हवं. पुठ्ठ्यावर हा कोन कापून घ्या आणि गोंद ओला असतानाच समोरून लावून बघा. दोन्ही बाजू सारख्या दिसल्या की झालं.

आता पाऊस. लॅकर रंगातला थिनर झटक्यात उडतो, पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं. रंग पांढुरका दिसतो तो त्यामुळे. म्हणून जुलै ते सप्टेंबर कापणं, घासणं, जोडणं आणि कॉकपिट ब्रशनं रंगवणं उरका, फवारा दसऱ्यानंतर. अगदीच धीर नसेल तर उघडीप बघून दुपारी मारा, रिटार्डर घातलेला सावकाश उडणारा थिनर वापरा, नळीला पाणी अडवणारा ट्रॅप लावा, आणि काम संपल्यावर कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी काढा. उन्हाळ्यात उलट होतं, रंग हवेतच वाळून खरखरीत बसतो.

एअरब्रशची नोझल ०.३ मि.मी., दाब १५ ते २० पीएसआय, रंग दुधाइतका पातळ, अंतर ५ ते ८ सें.मी. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत गणपतीला रंग मारतात ती स्प्रे गन यासाठी फार मोठी. उद्यमनगरातला एनसी थिनर एअरब्रश धुवायला उत्तम, पण प्लॅस्टिकवर नको, तो पॉलिस्टायरीन खातो. तोंडाला रुमाल पुरत नाही, वाफ अडवणारा काडतुशीचा मास्क लागतो.

डिकॅलआधी चकचकीत क्लिअर कोट द्या. मॅटवर डिकॅलखाली हवा अडकते आणि कडा चंदेरी चमकतात. हवाई दलाच्या चक्राचा बाहेरचा गोल केशरी, आतला हिरवा, एवढं एकदा तपासा. जुने पिवळे पडलेले डिकॅल खिडकीच्या काचेला आतून लावून चार-पाच दिवस उन्हात ठेवले की बरेच उजळतात.

नाकावरची लांब नळी सगळ्यात शेवटी. किटमधली प्लॅस्टिकची मोडणारच. तिच्याऐवजी इंजेक्शनची सुई घाला, आत त्याहून बारीक इन्सुलिनची. आणि ती ज्याच्या शोकेसमध्ये विमान राहणार, त्याच्याच घरी चिकटवा. दुचाकीवरून बावड्याहून मंगळवार पेठेत नेताना पहिली तीच मोडते.